हात जोडलेली मुलगी

भिंती बोलक्या करा, असा आदेश दरवर्षी वरून येतो. त्यासाठी लागणारं सामान मात्र वरून येत नाही. मग आम्ही बाया उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हॉट्सॲपवर एकमेकींना शब्दझाडं, अंकांची रेल्वे, वाढदिवसाचे तक्ते आणि पाठांची टाचणं पाठवत बसतो आणि पदरमोड करून वर्ग नटवतो. साहेब येतात, भिंतीपुढं उभं राहून फोटो काढून घेतात, चहा पितात आणि जातात. मला या सगळ्याचा मनस्वी राग येतो. पण पहिलीचं पोर आईचं बोट सोडून पहिल्यांदा वर्गात येतं, तेव्हा समोर काही रंगीत दिसलं की त्याचं रडणं थांबतं, हेही मी दरवर्षी बघते. म्हणून राग गिळते आणि कात्री घेऊन बसते.

आमची शाळा महापालिकेची. कोल्हापूरच्या कडेला, जिथं फ्लॅट संपतात आणि ऊस सुरू होतो, तिथं. पोरं म्हशी पाळणाऱ्यांची, शेतकऱ्यांची, बांधकामावरच्या मजुरांची. मी स्वप्नाली, पहिलीची बाई. यंदा मे महिन्यात हात दुखायला लागला म्हणून तयार संच घ्यायचं ठरवलं, आणि एका मैत्रिणीनं मला राजमतीताईंचं नाव सांगितलं.

राजारामपुरीत, कोचिंग क्लासच्या पाट्यांनी झाकून गेलेल्या एका इमारतीत त्यांचा फ्लॅट. हॉलमध्ये सोफा नाही, टीव्ही नाही. सगळीकडं सनबोर्डच्या कडक पुठ्ठ्याचे हत्ती, फोमशीटची फुलं, पताकांच्या माळा आणि मधोमध लॅमिनेशनचं मशीन. बाई पस्तिशीच्या, हडकुळ्या, बोलायला अगदी मोजक्या. काम मात्र बघत राहावं असं. बाजारातल्या तक्त्यांवर अक्षरांनाच डोळे आणि हातपाय चिकटवलेले असतात, मग पोरांना 'क' कुठला आणि त्याचा हात कुठला तेच कळत नाही. राजमतीताईंची अक्षरं नुसती अक्षरं होती, मोठी आणि स्वच्छ. मला तिथंच त्या आवडल्या.

संच निवडून झाला आणि मी मागं वळले, तर गॅलरीच्या दाराशी एक मुलगी हात जोडून उभी. "ये की बाळ, लाजतीस काय?" असं म्हणूनही गेले मी. मग लक्षात आलं, सनबोर्डची आहे. सहा वर्षांच्या पोरीएवढी उंची, निळा गणवेश, लाल रिबिनींच्या दोन वेण्या. चेहरा मात्र बाजारातल्या चित्रांसारखा गोल गोबरा नव्हता. हनुवटी जराशी निमुळती, एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर. कुणीतरी समोर उभं राहून काही विचारतंय आणि आपण उत्तर द्यायचं राहिलंय, असं वाटायला लावणारा चेहरा.

"ही केवढ्याला?" मी विचारलं.

"ती विकायची न्हाय," त्या म्हणाल्या आणि पताका गुंडाळायला लागल्या.

मी सामान घेऊन जिना उतरले, रिक्षाला हात केला, तेवढ्यात राजमतीताई धावत खाली आल्या. ती मुलगी त्यांनी एका मऊ चादरीत गुंडाळून आणली होती.

"तुमच्या वर्गात हिच्या बरोबरीची पोरं असतील न्हवं?"

"पहिलीचीच की सगळी."

"मग न्या हिला. जाऊ दे शाळंला. पैसं नकोत."

फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतंय? मी तिला रिक्षात शेजारी उभी केली. रिक्षा वळली तेव्हा सहज मागं बघितलं, तर त्या अजून रस्त्यातच उभ्या होत्या, आणि स्कूटरवाले त्यांना वळसे घालून जात होते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी आमच्याकडं नव्या पोरांचं औक्षण असतं. गुलाबाचं फूल, खाऊ, आणि कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पावलाचा ठसा. आमचे मुख्याध्यापक उदयसिंह सर या दिवशी फोन खाली ठेवत नाहीत. त्यांना शिकवण्यापेक्षा व्हिडिओ काढायला जास्त आवडतं, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलेलं आहे.

सगळी पोरं ओवाळून झाली. दारात ती सनबोर्डची मुलगी उभी केली होती, स्वागताला म्हणून.

"मॅडम, हिलाबी ओवाळा की," सर फोन रोखून म्हणाले. "लई भारी दिसंल."

मीही हसत तिच्यापुढं ताट फिरवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि बाकीच्या पोरांना म्हणाले होते तेच तिलाही म्हणाले, "ये बाळ, आत ये. आजपासून ही तुझी शाळा." पोरांनी टाळ्या पिटल्या. मग त्यांनीच तिला उचलून आत नेलं आणि मागच्या भिंतीला टेकवून उभं केलं, शेवटच्या बाकाशेजारी. त्या बाकावर तेजस्वी एकटीच बसायची.

तेजस्वीबद्दल सांगायलाच हवं. दूधवाल्या अंबूबाईंची नात. वर्गात शिरायची ती आवाजासकट. "बाईऽऽ, ह्यानं माजं खोडरबर खाल्लं!" असं ओरडायची तर शेजारच्या वर्गातली पोरं थांबायची. केस कायम विस्कटलेले, गुडघे कायम फुटलेले. खिचडीतला बटाटा दुसऱ्याच्या ताटातूनही उचलायची. मारामारी केली की आधी स्वतःच रडायची. मला ती फार आवडायची, आणि बाईनं असं म्हणू नये हे माहीत असूनही म्हणते.

जुलैमध्ये ती गप्प झाली.

पहिल्यांदा मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पोर वळणाला लागली म्हणून मी स्वतःवरच खूश होते. केस नीट विंचरलेले, वही स्वच्छ. मग एक दिवस खिचडी वाढताना बघितलं, तर तिनं बटाट्याची प्रत्येक फोड वेचून ताटाच्या कडेला ठेवली होती. कांदासुद्धा.

"काय गं, पोट दुखतंय?"

"न्हाय बाई. त्यात जीव असतेत. बारीक बारीक. दिसत न्हाईत."

कुठंतरी ऐकलं असेल म्हणून मी सोडून दिलं. आठवडाभरात तिच्या पुढच्या बाकावरची पोरंही बटाटा काढायला लागली. वर्गात मुंग्यांची रांग निघाली की तेजस्वी वहीच्या कागदावर एकेक मुंगी घेऊन बाहेर सोडून यायची. जून महिन्यात हीच पोरगी मुंग्यांवर पाय आपटत नाचत होती. विचार करताना ती आता कानाची पाळी चोळायची, अंगठा आणि बोट यांच्यात धरून, हळूहळू. ही सवय तिला कुठून लागली, मला कळेना.

मग अंबूबाई आल्या. दुधाचे कॅन गेटपाशीच ठेवून थेट वर्गात.

"बाई, तुमी पोरांस्नी काय शिकवालाय?"

"काय झालं आज्जी?"

"पोरगी दिवस मावळला की जेवाय तयार न्हाय! काय बी करा, तोंड उघडत न्हाय. अंधारात खाऊ नये म्हणती. दूध घ्याय आलेल्या गिऱ्हाइकाला 'जय जिनेंद्र' म्हणती. आमच्या शेजारी जैनांची चार घरं हायती, सोन्यासारखी माणसं, मी काय वाईट म्हणत न्हाय. पण आमच्या पोरीला हे कुणी शिकिवलं?"

मी शिकवलं नव्हतं. माझ्या वर्गात एकही जैन पोर नव्हतं.

अंबूबाईंच्या मागं तेजस्वीची आई उभी होती. ती बोलणारी नव्हेच. सासू कॅन उचलायला बाहेर गेली, तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"बाई, बटाट्याचं ऱ्हाऊ दे. ती मला आई म्हणंना झालीया."

"मग काय म्हणते?"

"काकू. चांगलं बोलती, हसून बोलती. 'काकू, पाणी देता का?' 'काकू, मी झोपू का?' रागावली असती तर कळलं असतं. ती मला ओळखतच न्हाय, बाई. आणि लई शाण्यावानी वागती. दुसऱ्याच्या घरात आल्यावानी."

मी तिला काहीतरी समजूत घालून पाठवलं, काय बोलले ते मलाही आठवत नाही.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गात परत आले. पोरं मैदानावर होती. तेजस्वी आपल्या बाकावर बसून डोळे मिटून काहीतरी म्हणत होती. मी जवळ गेले. जैनांचा णमोकार मंत्र. कोल्हापुरात राहून तो कानावर पडलेला असतोच, पण तिचा प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ होता. 'शाळा'ला 'साळा' म्हणणारी ही पोर.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आदितीनं."

"कोण आदिती?"

तिनं शेजारी बोट दाखवलं. भिंतीला टेकून सनबोर्डची मुलगी हात जोडून उभी होती. तिचं नाव आम्ही कुणीच ठेवलं नव्हतं. मी वाकून बघितलं आणि तशीच थांबले. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. गणवेशाचा निळा तसाच, रिबिनींचा लाल तसाच, फक्त चेहरा पुसट. त्या भिंतीवर ऊन येत नाही. वरून पक्कं लॅमिनेशन आहे. ओठ कसेबसे दिसत होते, आणि एक भुवई अजून किंचित वर होती. मी तेजस्वीकडं बघितलं, तर तिनं तशीच भुवई उचललेली.

मी शिपायाला हाक मारली नाही. स्वतःच त्या मुलीला उचललं, अडगळीच्या खोलीत नेलं, मोडक्या खुर्च्यांच्या मागं तोंड भिंतीकडं करून ठेवलं आणि कडी घातली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर पोरं वर्गात आली, बसली. तेजस्वी बसली नाही. ती मागच्या भिंतीला पाठ लावून, जिथं ती मुलगी उभी असायची त्याच जागी, हात जोडून उभी राहिली. मी रागावले, समजावलं, खाऊ दिला. ती हसून म्हणायची, "मी हितंच बरी हाय, बाई." सगळी सकाळ ती तशी उभी होती. पापणीसुद्धा फार हलली नसेल. बाकीची पोरं पाढे म्हणत होती आणि कुणालाही त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, कारण मला तिकडं बघवेना.

तेव्हा मी घाबरले, ते कबूल करते. पण त्याहून जास्त मला राग आला. माझ्या वर्गातलं एक पोर माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी घेऊन चाललं होतं, आणि त्या कुणालातरी मीच रिक्षात घालून आणलं होतं. शाळा सुटताच केएमटीची बस पकडली आणि राजारामपुरी गाठली.

राजमतीताई कागदाची पानं कातरत होत्या.

"ताई, आदिती कोण?"

कात्री थांबली.

"हे नाव तुमाला कुणी सांगितलं?"

"तिनंच सांगितलं."

मी सगळं सांगितलं. बटाटा, मुंग्या, सूर्यास्त, णमोकार. त्या ऐकत होत्या, मान खाली घालून. कानाची पाळी चोळते असं मी म्हणाले मात्र, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. चित्रातल्या मुलीचे हात जोडलेले होते. ही सवय चित्रात कुठंच नव्हती.

"पहिलीत जाणार होती," त्या म्हणाल्या. "गणवेश शिवून आला होता. दप्तरावर नाव घातलं होतं. मे महिन्यात ताप आला, आणि चार दिवसांत संपलं सगळं. दोन वर्षं झाली. मुनीमहाराज म्हणाले, मोह धरू नका, जीव पुढं गेला. मालकांनी फोटो आत ठेवले, कुलपात. मग मी हातानंच काढली तिला. फोटो नव्हता तर काय झालं, हाताला ठावं होती की ती. गणवेश घालून काढली. एकदाबी घातला नव्हता न्हवं तिनं. मग तुमी आलासा, म्हणालासा पहिलीची पोरं हायती. वाटलं, एकदा शाळंत तरी जाऊ दे."

मला रडू येत होतं, आणि रडायचं नव्हतं.

"ती रडती का हो?" राजमतीताईंनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. असा उजळलेला चेहरा बघून मला जास्तच भीती वाटली. "खाती नीट? वाचाय येतं का तिला? खूश हाय का?"

"ती खूश असेल," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. "पण तेजस्वी कुठं आहे? तिची आई घरात बसून वाट बघतेय. पोर समोर आहे, आणि ती वाट बघतेय. कळतंय का तुम्हाला?"

त्यांना कळत होतं. त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण त्या म्हणाल्या, "थोडे दिस ऱ्हाऊ दे की. पहिलीचं वरीस तरी हू दे."

"नाही."

खालून रिक्षांचे हॉर्न येत होते, शेजारच्या क्लासमध्ये कुणीतरी मोठ्यानं गणित समजावत होतं. राजमतीताई कातरलेली पानं एकावर एक रचत राहिल्या.

"मला एकदा बघू दे तिला," शेवटी त्या म्हणाल्या. "मी हाक मारली की येती ती. पहिल्यापासनं. मी तिला घरी घेऊन येते. मग तुमची पोरगी मोकळी हुईल."

याच्याहून चांगला उपाय माझ्याकडं नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी त्या आल्या. तेजस्वीच्या आईला मी आधीच निरोप दिला होता, गेटपाशी थांब, एक बाई येतील, काही झालं तरी मध्ये येऊ नकोस. पोरं दप्तरं उडवत बाहेर पळाली. वर्ग रिकामा झाला. मागच्या भिंतीला तेजस्वी एकटी उभी होती, हात जोडून.

राजमतीताई दारातच थांबल्या. त्यांनी हाक मारलीच नाही. मारायची गरज पडली नाही.

"उशीर केलीस की गं अव्वा," तेजस्वी म्हणाली.

आमच्या भागात जैनांच्या घरात आईला अव्वा म्हणतात, मराठ्यांच्या घरात कुणी म्हणत नाही. आवाजही तिचा नव्हता. तेजस्वीचा आवाज घोगरा, हा बारीक आणि गोड. राजमतीताई पुढं गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी पोरीच्या केसांचा वास घेतला. बराच वेळ. मी खिडकीकडं बघत राहिले.

"आदू, शाळा बघितलीस?"

"बघितली. मला क लिहाय येतं. रेल्वेवरचे आकडे पाठ झालेत. बाई चांगल्या हायती, पण ओरडत्यात."

"आता घरी चल."

"चल," ती म्हणाली आणि तिनं राजमतीताईंचं बोट धरलं.

मी बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल. ती बोट धरून निघून जाईल आणि तेजस्वी इथं राहील, बाकावर झोपलेली वगैरे. मी काय कल्पना केली होती कुणास ठाऊक. तसं काही झालं नाही. दोघी चालायला लागल्या, आणि चालत होते ते तेजस्वीचेच फुटके गुडघे. मैदान ओलांडून त्या गेटपाशी आल्या. मी मागून.

तेजस्वीची आई तिथं उभी होती. पोर तिच्यापुढून जाताना थांबली, हसली.

"येते हां काकू."

त्या माऊलीनं मला दिलेला शब्द मोडला नाही. ती मध्ये आली नाही. फक्त माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "बाई, ह्या कुठं नेत्यात तिला? सांजच्याला पाठवतील न्हवं?"

मी राजमतीताईंकडं वळले.

राजमतीताई थांबल्या. त्यांनी त्या बाईकडं बघितलं, मग हातातल्या हाताकडं. पुढं रस्ता होता, बस स्टॉप होता. एक क्षण मला स्पष्ट वाटलं की आता ही बाई पोरीला उचलून पळणार, आणि मी तिला अडवू शकणार नाही. त्यांची मूठ आवळली होती, शिरा दिसत होत्या. मग त्यांनी ती मूठ सोडवली. एकेक बोट करून. खाली बसल्या आणि पोरीच्या डोळ्यांत बघितलं.

"बाळ, मी तुझी अव्वा न्हाय."

"हाईस की."

"न्हाय. मी तुला वळखत न्हाय. मी शाळंला सामान द्याय आलते. तुझी आई ही काय, उभी हाय तिथं."

पोरीनं कानाची पाळी धरली आणि चोळायला लागली. तिनं राजमतीताईंचा चेहरा निरखून बघितला, इकडून तिकडं. राजमतीताईंनी चेहरा हलू दिला नाही. हे कसं जमलं त्यांना, मी आजवर विचार करते. मला जमलं नसतं.

"मग माझी अव्वा कुठं हाय?"

"मला काय ठावं, बाळ?"

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जावा तसा काहीतरी मोठा आवाज व्हावा, कुणीतरी ओरडावं, असं मला फार वाटलं. सगळं शांत होतं. पोर रडली नाही. हट्ट केला नाही. तिनं दोन्ही हात जोडले.

"बरं, काकू," ती म्हणाली.

मग तिचे पाय दुमडले आणि ती चिखलात बसली. आणि मग एकदम, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा तो घोगरा आवाज फुटला, "आईऽऽ! गं आईऽऽ!" तिची आई धावली. ती पोर आईच्या गळ्यात पडून असं भोकाड पसरून रडली की वरच्या मजल्यावरून उदयसिंह सर पळत खाली आले. फोन त्यांच्या हातात होता. मी तो हिसकावून घेतला.

राजमतीताई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी अडगळीच्या खोलीतून ती मुलगी काढून आणली. गणवेश होता, रिबिनी होत्या, जोडलेले हात होते. चेहऱ्याच्या जागी कोरा पांढरा कागद होता. त्यांनी ती चादरीत गुंडाळली. मी त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले.

"तुम्ही एक लेकरू वाचवलंत, ताई," मी म्हणाले.

त्या रस्त्याकडं बघत होत्या.

"मी सांगीन ते ती खरं मानायची," त्या म्हणाल्या. "लई गुणाची पोर. कडू औषध दिलं आणि म्हटलं गोड हाय, तर गोड म्हणून प्यायची. शेवटच्या दिशीसुद्धा." बस आली. त्यांनी चादरीतलं ओझं काखेत धरलं आणि पायरीवर पाय ठेवला. "आता ती तिच्या अव्वाला शोधत फिरंल, बाई. आणि मी समोर दिसले, तर काकू म्हणून पुढं जाईल."